पॉजवर ठेवलेला डाव

११ जानेवारी

ठोंब्या,

हे पत्र कामाचं आहे, तेव्हा घाबरू नकोस. शेवटपर्यंत वाच, सोबतच्या कागदावर जिथे पेन्सिलने फुली केलीय तिथे सही कर आणि परत पाठव. फोन तू माझा उचलत नाहीस. आईच्या फोनवरून तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी माघार घेतली असं होईल, आणि मी ती घेतलेली नाही. पत्राला हा प्रश्न येत नाही.

काम असं, की मी आपल्या व्हिडिओ गेमच्या संग्रहाचा विमा उतरवतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, पुढे मजकूर गंभीर आहे.

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्यांच्या वॉशिंग मशीनचा पाइप निसटला. ते गेले होते बाहेर आणि पाणी आलं आमच्याकडे, मोठ्या खोलीच्या छतातून, नेमकं कपाटांच्या भिंतीवरून. मी लॅबमधून घरी आले तेव्हा आई स्टुलावर उभी राहून कॅसेटचे खोके गादीवर भिरकावत होती. तिचं वय बघ आणि ते स्टूल बघ. तिला खाली उतरवलं, छत्री उघडली आणि वरचा नळ बंद होईपर्यंत धरून उभी राहिले. कशावर धरली होती ते विचारू नकोस. काही खोके भिजले, त्यांचे पुठ्ठे पंख्याखाली वाळवले, आतल्या कॅसेट वाचल्या. पण आपण शाळेपासून जमवलेलं सगळं कुणाच्या तरी रबरी पाइपाच्या भरवशावर उभं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

विमा कंपनीत गेले तर खिडकीतला माणूस म्हणाला, "खेळणी घरगुती सामानात येतात, मॅडम. भांडी, पडदे, खेळणी. मुलं केवढी आहेत?" मी म्हटलं, "मुलं नाहीत. मीच खेळते, आणि माझी पन्नाशी उलटलीय." त्याने मला तडक आतल्या अधिकारी बाईंकडे धाडलं. या बाई प्रत्येक वाक्यानंतर "बरोबर" म्हणतात. पटलं तरी बरोबर, नाही पटलं तरी बरोबर. घरी आल्यावर मी आईला त्यांची नक्कल करून दाखवली आणि त्यांचं नाव बरोबरबाई पडलं ते पडलं.

पण बाई कामाच्या पक्क्या. आधी घरी येऊन सगळं डोळ्यांखालून घातलं, मग आठवडाभर कुठे कुठे चौकशी केली. असल्या वस्तू हल्ली कोण विकतं, कोण घेतं, खोका असेल तर किती, नसेल तर किती. मग फोनवर आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, पत्रं वाटेत कोण उघडेल सांगता येत नाही. आईने ऐकला तेव्हा हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, यातलं निम्मं मी भंगारात देणार होते."

जाताना तू म्हणाला होतास, हा पसारा विकून टाक आणि माणसांत ये. तर मी माणसांत जाऊन आले. माणसं याला संग्रह म्हणतात.

अडचण एकच आली. बाईंनी विचारलं, "हे सगळं तुमच्या मालकीचं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आमचं." बरोबर, म्हणाल्या, मग दुसऱ्या मालकाची संमती लागेल. मी गप्प बसले असते तर भागलं असतं. पण निम्म्या कॅसेट तू पेपर टाकून घेतल्या आहेस. सायकलवरून पडून गुडघा फुटला तेव्हासुद्धा आधी दुकानात गेलास आणि मग दवाखान्यात. ते मी एकटीच्या नावावर कसं करू?

इकडे सगळं ठीक. मी गावभर लोकांच्या कवळ्या करते आणि घरच्या कवळीकडे बघायला वेळ नाही, असं आई सारखी ऐकवायची. अखेर तिची नवीन केली. आता ती सफरचंद नुसतं चावून खाते आणि आवाज करून खाते.

सही कर. दुसरं काही लिहायची गरज नाही.

ताई


२ फेब्रुवारी

ठोंब्या,

सही मिळाली. दुसरं काही लिहायची गरज नाही हे तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. लहानपणापासून सांगितलेली एवढी एकच गोष्ट ऐकलीस. सहीचं शेपूट मात्र अजून तसंच आहे, ओळीच्या बाहेर गेलेलं.

आता पुढचं. सही घेऊन गेले, बाई म्हणाल्या, बरोबर, आता फक्त विजेची पाहणी. एक गृहस्थ आले. शांत माणूस, बूट बाहेर काढून आत आले, बटणं पाहिली, वायरी पाहिल्या, कपाटांमागे टॉर्च मारला. सगळं पसंत पडलं. मग खिडकीखालच्या छोट्या टेबलाकडे गेले आणि तिथला रुमाल उचलला.

"हे चालू आहे," ते म्हणाले.

"हो."

"कोण खेळतंय?"

"सध्या कोणी नाही."

"मग बंद करतो," असं म्हणून ते वाकले. तेवढ्यात आई खुर्ची ओढत आली आणि प्लगच्या समोर मांडून बसली. "मला ओलांडून जायचं असेल तर जा," म्हणाली. त्या बिचाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही काढली.

तर आता तुला सांगणं भाग आहे. ते आपलं पहिलं मशीन आहे. मामाने आणलेलं, एका कोपऱ्याला तडा गेलेलं. त्यात तीच कॅसेट आहे आणि तोच डाव आहे. शेवटची स्टेज. तू पॉज करून उठलास तो.

बंद करायचं राहून गेलं, एवढंच. आपल्या घरचा नियम तुला माहीत आहे. या गेममध्ये डाव जपून ठेवायची सोय नाही, बंद केलं की पहिल्यापासून. म्हणून एकाने पॉज केला तर तो परत येईपर्यंत दुसऱ्याने मशीनला हात लावायचा नाही. जेवण असो, शाळा असो, ताप असो. आई केर काढताना बटण दाबून टाकायची आणि आपण दोघं भोकाड पसरायचो. त्या दुपारी तू पडद्यावरची नजर न काढता म्हणालास, नोकरी लागली, परवा निघतोय. तिकीट काढून झालं होतं, आईला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माहीत होतं. मी काय बोलले ते तुला आठवत असेलच. तू पॉज केलंस, रिमोट जमिनीवर ठेवलास, पसारा विक म्हणालास आणि मित्राकडे झोपायला गेलास. मला वाटलं संध्याकाळी येशील. आला नाहीस. मग वाटलं, निघायच्या आधी तरी येशील.

मग राहिलं ते राहिलं. वीज जाते म्हणून यूपीएस घेतला. तो जुना झाला तेव्हा दुसरा घेतला आणि मशीन बंद न पडता वायर कशी बदलायची याची मी दोन रविवार रंगीत तालीम केली. हे घर घेतलं तेव्हा सगळं सामान टेम्पोत मागे गेलं आणि मी यूपीएस पायांशी आणि मशीन मांडीवर घेऊन पुढे बसले. ड्रायव्हरने विचारलं, "बाळ आहे का? हळू चालवू?" मी म्हटलं, "बाळच समजा." त्याने खरंच हळू चालवला.

आणि हो, छत्री याच्यावर धरली होती. कपाटं भिजत होती तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. विम्याच्या माणसांना हे सांगितलेलं नाही.

पाहणीचा निकाल असा लागला की रात्रंदिवस चालू असलेलं जुनं मशीन ज्या खोलीत आहे त्या खोलीचा विमा होणार नाही. वायर तापते, आग लागू शकते. खोटं नाही ते, थंडीत आई त्या अडॅप्टरवर हात शेकते. बरोबरबाईंनी वीस मार्चपर्यंत मुदत दिलीय. तोवर मशीन बंद झालं तर सगळ्या संग्रहाचा विमा, नाही तर कशाचाच नाही. वरच्यांनी नवा पाइप बसवलाय, पण तोही रबरीच आहे.

म्हणून लिहितेय. वीस मार्चच्या आत ये आणि तुझा डाव संपवून जा. पाहुणा म्हणून नको, खेळायला ये.

ताई


२४ फेब्रुवारी

ठोंब्या,

"बंद करून टाक." एवढंच लिहायला तू पाकीट आणलंस, तिकीट लावलंस आणि पेटीपर्यंत चालत गेलास. कौतुक आहे.

म्हटलं, ठीक आहे, दुसऱ्या मालकाचा हुकूम आहे. पत्र टेबलावर ठेवलं आणि मशीनच्या बटणावर बोट ठेवलं. मग वाटलं, शेवटचं बघून तरी घेऊ, आणि टीव्ही लावला. हे मी कधी करत नाही. मशीन चालू असतं, टीव्ही बंद असतो. चित्र आलं तसं तू आणि मी जिथे होतो तिथेच होतो. माझा लाल गडी पुलाच्या मधोमध, तुझा निळा मागे, फळी तुटलेल्या जागी एका पायावर. तुझी एकच लाइफ उरलेली. तुझी कधी जास्त उरलीच नाही म्हणा.

तुला आठवत असेल, या स्टेजला पडदा आपोआप पुढे सरकतो आणि जो मागे राहील तो पडतो. म्हणजे मला कुठल्याही दिवशी स्टार्ट दाबून पुढे जाता आलं असतं. निळा पडला असता, मी एकटीने शेवटच्या राक्षसाला मारलं असतं आणि डाव माझा झाला असता. मला ती स्टेज येते, तुला माहीत आहे. पण तुला पाडून मला जिंकायचं नव्हतं. हे मी कधी बोलले नाही, पण खरं आहे ते खरं आहे. मी बोट काढून घेतलं आणि रुमाल परत टाकला.

दुसऱ्या दिवशी लॅबला अर्धी सुट्टी टाकून कंपनीत भांडायला गेले. म्हटलं, ते एक मशीन सोडून बाकीचा विमा द्या. बाई म्हणाल्या, "आग लागली तर ती एक मशीन सोडून बाकीचं जाळेल." म्हटलं, घरात माणूस असतं, आई असते. "आई झोपतात का?" झोपतात. "बरोबर," म्हणाल्या आणि चहा मागवला. भांडायला गेलेल्या माणसाला चहा पाजला की भांडणातली हवाच जाते, हे त्यांना कुणी शिकवलंय कोण जाणे.

शनिवारी त्या स्वतः घरी आल्या, बाकीची मशीनं चालतात की नाही हे पाहायला. दोन्ही रिमोट चालतात हे दाखवायचं तर खेळायला दोघं हवीत. एका म्हाताऱ्या डॉक्टरांची तातडीची कवळी मी घरी आणली होती आणि माझे हात कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेले. म्हणून एक रिमोट बाईंनी घेतला आणि दुसरा मी आईपुढे धरला. जिने आयुष्यभर आपला डाव बंद केला तिच्यापुढे. आई म्हणाली, "कुठलं दाबायचं?" मी म्हटलं, "सगळी दाब."

बाई सुरुवातीला पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मग पर्स खाली गेली, मग चष्मा वर गेला. मी हात धुऊन आले तेव्हा आईने त्यांना हरवलं होतं. बाई म्हणाल्या, "बरोबर. पुन्हा?" पुन्हा हरल्या. जाताना पर्स विसरल्या आणि जिन्यातून परत आल्या.

त्या दिवसापासून आई रोज खेळते. दुपारची झोप सोडलीय. मी घरी येते तेव्हा दाराबाहेर आवाज येतो. काल जेवताना तिने घास खाली ठेवला आणि जाहीर केलं, "त्याच्या जागी मी खेळते. डाव अर्धा टाकून बंद करायचा नाही. पूर्ण करू आणि मग बंद करू."

तर ठरलंय ते असं. वीस मार्चला दुपारी चार वाजता आई तुझा रिमोट घेईल आणि आम्ही दोघी ती स्टेज खेळू. जे होईल ते होईल, मग मशीन बंद. तुझा निळा गडी, तुझी एकुलती एक लाइफ आणि आई. उडीचं बटण दाबताना ती स्वतःच खुर्चीवरून उठते, तेवढं तुला माहीत असावं म्हणून लिहितेय.

पॉलिसीवर नावं दोघांची राहतील. तू आलास तरी, नाही आलास तरी.

ताई


९ मार्च

ठोंब्या,

तू काल आईला फोन केलास तेव्हा मी नेहमीप्रमाणे जिन्यात जाऊन उभी राहिले. तू तिला विचारलंस म्हणे, उडी मारताना बटण कडेला पोचायच्या आधी दाबतेस की पोचल्यावर. आधी दाबते. मी सांगून थकले. तुझ्याकडून तरी ऐकेल असं वाटलं होतं, पण फोन ठेवल्यावर म्हणाली, "त्याला काय कळतंय, तो तर कायम एका लाइफवर असतो."

तिची प्रगती मात्र बघण्यासारखी आहे. दुसऱ्या मशीनवर तिसरी स्टेज पार केली आणि वरच्या मजल्यावर जाऊन सांगून आली. ते लोक पाइपच्या भानगडीनंतर आमच्याशी जपून बोलतात, त्यामुळे त्यांनी पेढा देऊन तिचं अभिनंदन केलं आणि बसवून घेतलं. बरोबरबाईंना तिने पुन्हा बोलावलंय. कामासाठी नाही, खेळायला. बाई म्हणाल्या, कंपनीच्या वेळेत जमणार नाही, शनिवारी येते.

निळ्या गड्याला आई पोर म्हणते. "त्या पोराला मी पडू देणार नाही," म्हणते. सराव करून तिचा अंगठा सुजलाय. मी मलम लावून देते आणि ती दुसऱ्या अंगठ्याने खेळत राहते.

आता थोडं माझं. मला राग आला होता तो तू निघालास याचा नव्हता. नोकरी चांगली होती, मीही इकडे कुणाला सांगताना मान वर करूनच सांगते. मला सगळ्यांत शेवटी कळलं, तेही खेळता खेळता, याचा राग होता. तो आता नाही. कधी गेला ते कळलं नाही, शोधायला गेले तर सापडला नाही.

तुझी आठवण येते. रविवारी मशीनं एकेक चालवून बघते ना, सगळी जागी राहावीत म्हणून, तेव्हा दोन जणांचा गेम लागला की फारच येते. दुसरा रिमोट मी गुंडाळून ठेवते आणि एकटीचा लावते.

हे पत्र कामाचं नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

ताई


२९ मार्च

माननीय अधिकारी बाईंना,

विषय: मशीन बंद केल्याबद्दल.

आपण फोनवर म्हणालात की मशीन बंद आहे असं माझ्या हातचं एका ओळीचं पत्र पुरेल. एका ओळीत मावत नाही, म्हणून सवडीने लिहितेय. चहा मागवून वाचा.

वीस तारखेला दुपारी आईने चष्मा पुसला, केस घट्ट बांधले आणि माझ्या भावाच्या जागेवर, म्हणजे टीव्हीच्या डाव्या बाजूला बसली. मी टीव्ही लावला. दोघींचे रिमोट हातात होते आणि माझा अंगठा स्टार्टवर होता, तेवढ्यात दाराची बेल वाजली. आई म्हणाली, "वरचे असतील. पुन्हा पाइप सुटला असणार." मी दार उघडायला गेले.

दारात माझा भाऊ उभा होता. एका खांद्यावर बॅग, दाढी वाढलेली, मधल्या वर्षांत पोटही थोडं सुटलेलं. माझ्याकडे त्याने पाहिलं न पाहिलं आणि खांद्यावरून आत बघत ओरडला, "आई, रिमोट खाली ठेव."

इतक्या वर्षांनी घरात आल्यावर त्याचे हे पहिले शब्द. आई म्हणाली, "आधी हात धू."

तो हात धुवायला गेला. बॅग दारातच टाकलेली, ती मी आत घेतली. तो आला, आईने उठून जागा दिली, त्याने रिमोट पँटला पुसला. नेहमी पुसायचा तसाच.

"कुठे होतो आपण?"

"पुलावर."

"लाइफ किती?"

"तुझी एक. माझ्या तीन."

"म्हणजे काहीच बदललं नाही," तो म्हणाला, आणि मी स्टार्ट दाबलं.

बाई, गाणं जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं. मधूनच, अर्ध्या सुरावरून. मशीनला काही कळलंच नव्हतं की मध्ये काही झालंय. पडदा सरकायला लागला, निळा गडी तुटलेल्या फळीवर डगमगला आणि भावाची बोटं पार गंजलेली. आई मागून म्हणाली, "कडेला पोचल्यावर दाब. आधी नको." त्याने पोचल्यावर दाबलं आणि निळा पलीकडे आला. हा धडा त्यानेच तिला फोनवर दिला होता, हे नंतर तिने कबूल केलं नाही.

मग आम्ही पुढे गेलो. मला ती स्टेज येते असा मी सगळीकडे डंका पिटलेला, पण माझ्या दोन लाइफ राक्षसाच्या दारातच गेल्या. शेवटी दोघंही एकेका लाइफवर. मी म्हटलं, "तू मागे थांब, मी जाते." तो म्हणाला, "एकत्र." आणि एकत्रच गेलो. तो खालून, मी वरून. राक्षस फुटला तेव्हा भावाने अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरचे बादली घेऊन धावत खाली आले. त्यांना वाटलं, पाणी आलं.

पडद्यावर लाल आणि निळा गडी बुरुजावर हात वर करून उभे होते. खाली कुणाकुणाची नावं सरकत होती, ज्यांनी तो गेम बनवला त्यांची. शाळेपासून आम्ही तो डाव कितीदा मांडला, पण कधी इथवर पोचलो नव्हतो, त्यामुळे ही नावं आम्ही दोघांनीही जन्मात पहिल्यांदा पाहिली. सगळी वाचली. मी रडत होते आणि तोही. वरचे बादली घेऊन उभे होते आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

नावं संपली तेव्हा आई मशीनजवळ गेली. बटणावर बोट ठेवलं, मग मागे वळली आणि विचारलं, "आता करू का बंद?"

तिने हे आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. आम्ही दोघं एकदम हो म्हणालो. लाल दिवा गेला. त्या खोलीत इतकी वर्षं एक बारीक घरघर होती, ती थांबल्यावर कळलं. खोली फार मोठी वाटली. आईने अडॅप्टरला हात लावला आणि म्हणाली, "गार होतोय."

इथे खरं तर पत्र संपायला हवं, पण आपल्या कंपनीचा प्रश्न असा असतो की पुढे काय. म्हणून पुढचंही लिहिते.

भाऊ आठवडाभर राहिला. रोज एक कपाट उघडलं. भिजलेल्या खोक्यांचे पुठ्ठे त्याने नीट चिकटवून दिले आणि ओरडला माझ्यावर, छत्री चुकीच्या जागी धरली म्हणून. मी पुसत होते, तो भांडी घासत होता, तेव्हा म्हणाला, "तुला शेवटी सांगितलं कारण तू थांब म्हणाली असतीस तर मी थांबलो असतो." मग म्हणाला, "आणि तू म्हणालीस, जा." मी म्हटलं, "मला वाटलं तू ऐकणार नाहीस. कधी ऐकलं होतंस?" त्यावर आम्ही इतकं हसलो की एक पेला फुटला. तो विम्यात नव्हता.

काल तो परत गेला. निघायच्या आधी आम्ही त्याच मशीनवर नवा डाव मांडला होता आणि रंगात आलो होतो. खाली गाडी येऊन थांबली, ड्रायव्हरने हॉर्न दिला, बॅग दारात. भावाचा अंगठा पॉजवर गेला. त्याने पॉज दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच्याकडे पाहिलं. घरचा जुना नियम दोघांनाही आठवला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, वाकली आणि बटण दाबून मशीन बंद करून टाकलं.

आम्ही दोघं लहानपणी ओरडायचो तसे ओरडलो, "आई!"

ती म्हणाली, "ओरडू नका. मशीन रात्रंदिवस चालू ठेवून कोणी परत येत नाही. तिकीट काढलं की येतं. पुढच्या सुट्टीत ये आणि पहिल्यापासून खेळा." मग त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याची बॅग उचलायला लागली. तो खाली जाताना जिन्यातूनच मला म्हणाला, "फोन करतो. उचल." म्हणजे ऐका, मला म्हणाला, उचल. पोचल्यावर त्याने केला आणि मी पहिल्याच घंटेला उचलला.

पॉलिसी पाठवून द्यावी. नावं दोन आहेत ती तशीच राहू देत. आई म्हणते शनिवारी तुमचा रिमोट तयार आहे, आणि पर्स घरी ठेवून या. आमच्या घरात तुमचं नाव बरोबरबाई आहे, हे तुम्हाला कधीतरी कळणारच, तेव्हा मीच सांगितलेलं बरं.

सबब, मशीन बंद आहे आणि यापुढेही रोज बंद होईल. ते बंद करणारी व्यक्ती विश्वासू आहे आणि तिला या कामाचा जुना अनुभव आहे.

आपली,
विमा उतरवणारी, पहिली मालकीण